बँक सोडून वकिलीकडे वळताना: राजीनाम्याआधीचा हिशोब

सांगली जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या ४३ वर्षांच्या आहेत. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन २००८ मध्ये त्या एका राष्ट्रीयीकृत बँकेत लिपिक म्हणून लागल्या आणि आता अधिकारी आहेत. माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीचा दावा बरीच वर्षे तालुक्याच्या न्यायालयात चालला होता. जुने फेरफार आणि सातबारा उतारे मिळवणे, त्यांचा क्रम लावणे, वकिलांना मुद्दे लिहून देणे हे सारे त्यांनीच केले. "तुम्ही खरे तर वकीलच व्हायला हवे होते," असे त्यांचे वकील एकदा म्हणाले आणि तेव्हापासून हा विचार मनातून जात नाही. इकडे शाखेत विमा आणि म्युच्युअल फंड विकण्याच्या टार्गेटमुळे बँकेतले मूळ काम करायला वेळ उरत नाही. ही १८ वर्षे वाया गेली, असे त्यांना वाटू लागले आहे. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने वकिलांना भरपूर काम मिळेल आणि उशीर केला तर संधी हुकेल, या विचाराने येत्या मार्चअखेर राजीनामा देऊन तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्याचा त्यांचा बेत आहे. पती माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत, मुलगी यंदा दहावीला आहे, घरकर्जाचे हप्ते अजून सहा वर्षे चालणार आहेत. पतींचा या बेताला विरोध आहे. "वय निघून गेले का, राजीनामा देऊ का आणि घरी कसे समजावू," असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मधल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याला तारीख जोडलेली आहे. येत्या मार्चमध्ये राजीनामा देऊ नका. वकिली करू नका, असे मी म्हणत नाही. उलट तुमचे पत्र वाचून या कामाची तुम्हाला खरी ओढ आहे असेच माझे मत झाले. परंतु नोकरी कोणत्या दिवशी आणि कोणत्या मार्गाने सोडायची याचा तुमच्या पुढच्या तीस वर्षांवर परिणाम होणार आहे आणि पत्रात त्याचा उल्लेखच नाही.

राष्ट्रीयीकृत बँकांनी १९९५ मध्ये केलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन विनियमांत दोन तरतुदी आहेत. विनियम २२ प्रमाणे राजीनामा दिल्यास मागची सगळी सेवा निवृत्तिवेतनासाठी बाद होते. विनियम २९ प्रमाणे २० वर्षांची पात्र सेवा (निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी सेवा) पूर्ण झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि सेवेच्या प्रमाणात निवृत्तिवेतन सुरू होते. तुम्ही २००८ मध्ये लागलात, म्हणजे १ एप्रिल २०१० नंतर येणाऱ्यांना लागू झालेल्या राष्ट्रीय पेन्शन प्रणालीत तुम्ही येत नाही. तुम्हाला जुनी योजना लागू असणार. तुमची २० वर्षे २०२८ मध्ये भरतील. येत्या मार्चमध्ये बाहेर पडलात तर भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि शिल्लक रजेचे पैसे एवढेच नियमाप्रमाणे हातात येतील. २०२८ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतलीत तर त्याशिवाय दरमहा येणारी रक्कम आयुष्यभर राहील. ज्या व्यवसायात पहिली काही वर्षे उत्पन्नाचा भरवसा नसतो त्यात उतरणाऱ्या माणसासाठी ही रक्कम कितीही लहान असली तरी तिचे मोल फार मोठे आहे. घरातला किराणा तिच्यावर चालत असेल, तर पटत नसलेला पक्षकार तुम्ही नाकारू शकाल.

यात एक खाचखळगा आहे. कॅलेंडरची २० वर्षे आणि पात्र सेवेची २० वर्षे एकच असतील असे नाही, कारण बिनपगारी रजेचा काळ सहसा पात्र सेवेत धरला जात नाही. त्यामुळे बँकेच्या मनुष्यबळ विभागाकडून पात्र सेवा किती झाली आणि ती २० वर्षे कोणत्या तारखेला पूर्ण होते, हे लेखी मागून घ्या. सहकाऱ्यांच्या सांगण्यावर विसंबू नका. तुमच्यासारखाच विचार करणाऱ्या इतर वाचकांनीही आपापल्या योजनेची अशी सीमारेषा आधी शोधावी. खासगी नोकरीत कर्मचारी पेन्शन योजनेचा हक्क १० वर्षांच्या सेवेनंतर येतो आणि कायम कर्मचाऱ्याला उपदानासाठी साधारणपणे ५ वर्षे लागतात. ती सीमा काही महिन्यांवर असताना त्राग्याने नोकरी सोडणारी माणसे कमी नाहीत.

आता वकिलीच्या ओढीकडे वळू. तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. टार्गेटचा जाच ही एक आणि न्यायालयीन कामाची आवड ही दुसरी. त्या वेगळ्या करून पाहण्यासाठी स्वतःला असे विचारा: उद्या तुमची बदली वसुली, कर्ज किंवा विधी विभागात झाली, विमा विकण्याचा प्रश्न उरला नाही आणि संध्याकाळी वेळेवर घरी येता येऊ लागले, तर एलएलबी करावेसे वाटेल का? उत्तर नाही असे आले, तर तुम्हाला नवा व्यवसाय नको आहे, वेगळे टेबल हवे आहे, आणि बदलीचा अर्ज हा त्यावरचा पुष्कळ स्वस्त उपाय आहे. असे उत्तर येण्यात कमीपणा काहीच नाही.

मला मात्र तुमचे उत्तर होकारार्थी येईल असे वाटते, आणि त्याला कारण आहे. बहुतेकांना वकिलीतला युक्तिवाद खुणावतो. तुम्ही लिहिताना रमला आहात त्या फेरफारांत, कोणत्या नोंदीला कोणता वारस सुटला होता त्यात आणि एका जुन्या खरेदीखतातल्या चुकलेल्या चतुःसीमेत. दिवाणी वकिलीचा मोठा भाग हाच असतो. जिला कागद वाचण्याचा कंटाळा येत नाही तिची या व्यवसायात पायाभरणी झालेली असते.

तरीही एक फरक लक्षात घ्या. तो दावा तुमच्या माहेरचा होता. प्रत्येक तारीख तुमच्या जिवाची होती, कागद लपवणारे कोणी नव्हते आणि आपली बाजू खरी आहे याबद्दल मनात शंका नव्हती. वकील झाल्यावर परक्यांच्या पुष्कळ फायली एकाच वेळी हातात असतात. पक्षकार अर्धेच सांगतो, कागद शेवटच्या दिवशी आणतो, ठरलेली फी पुढच्या तारखेला देतो म्हणतो. कधी कधी तर ज्याची बाजू लंगडी आहे त्याचीच कैफियत नीट मांडून द्यावी लागते, कारण तोही त्याचा हक्क असतो. हे काम रोज करायला आवडेल का, हे माहेरच्या दाव्यावरून कळणार नाही.

ते कळण्याचा मार्ग सोपा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. आपली न्यायालये खुली आहेत. अपवाद सोडले तर कोणत्याही नागरिकाला मागच्या बाकावर बसून कामकाज पाहता येते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचा बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या प्रकरणांची यादी, आधी पाहता येतो. महिन्यातून एखादी रजा काढून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या एकाच न्यायालयात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसा. जोरदार उलटतपास पाहायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. किती प्रकरणांत नुसती पुढची तारीख पडते, ज्युनिअर वकील दिवसभर कुठे धावतात, नकलेच्या अर्जासाठी किती वेळ मोडतो, बार रूममध्ये महिला वकिलांना बसायला नीट जागा आहे का, हे पाहा. तुमच्या त्या वकिलांना विनंती करून त्यांच्या कार्यालयात संध्याकाळी काही दिवस बसा आणि दाव्याची अर्जी, मनाई हुकमाचा अर्ज, पुराव्याचे प्रतिज्ञापत्र हे मसुदे कसे तयार होतात ते पाहा. पाच-सहा महिने असे केल्यानंतरही ओढ टिकली, तर ती भरवशाची समजा.

कोल्हापूरच्या बेंचबद्दलची तुमची समजूत मला थोडी सैल करायची आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी चार दशकांहून अधिक काळ ही मागणी लावून धरली होती आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे कामकाज सुरू झाले. एका तारखेसाठी मुंबई गाठावी लागणाऱ्या माणसाची सोय झाली ही फार मोठी गोष्ट आहे. पण उच्च न्यायालयातले काम मुख्यतः अपिले, रिट अर्ज आणि जामीन अर्ज यांचे असते, ते इंग्रजीत चालते आणि पक्षकार ते अनुभवी वकिलाकडेच नेतो. नव्या सनदधारकाला, म्हणजे वकिलीचा परवाना नुकताच मिळालेल्याला, त्यातले थेट काही मिळेल ही आशा पहिल्या काही वर्षांपुरती बाजूला ठेवा. तुमची सुरुवात तालुका आणि जिल्हा पातळीवरच होईल, जिथे मराठीतून काम चालते आणि जिथे तुमचे नेमके मराठी लेखन तुमच्या उपयोगी पडेल. शिवाय वकिलीत भरून जाणाऱ्या जागा नसतात. तुम्ही दोन वर्षे उशिरा आलात म्हणून तुमची खुर्ची दुसरे कोणी नेणार नाही. या घाईला आधार नाही, आणि चुकीच्या वेळी राजीनामा द्यायला तीच तुम्हाला ढकलते आहे.

"१८ वर्षे वाया गेली" हे वाक्य तर मी तुम्हाला मागेच घ्यायला सांगेन. मालमत्ता तारण घेताना ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींच्या तपासणीचा अहवाल) कशासाठी मागतात, गहाणखतात काय राहून जाते, थकीत खाते एनपीए (अनुत्पादक कर्ज) कधी होते, तारण ताब्यात घेऊन वसुली करण्याच्या सरफेसी कायद्याखालच्या नोटिशीत कोणती चूक झाली तर सगळी कारवाई अडकते, हे विधी महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला शिकायला काही वर्षे लागतील. तुम्ही ते हाताळले आहे. धनादेश न वटल्याची कलम १३८ ची प्रकरणे, कर्जवसुली न्यायाधिकरण, ग्राहक आयोग हे सगळे तुमच्या ओळखीचे प्रदेश आहेत. त्यात सांगली जिल्हा सहकाराचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खालचे वाद आणि कलम १०१ खालचे वसुलीचे दाखले यांचे काम पतसंस्था, बँका आणि सोसायट्यांमुळे सतत चालू असते. या कामात दोन्ही बाजूंना वकील लागतो. भोळेपणाने सही करून बसलेल्या जामीनदाराला कर्जखात्याचा उतारा वाचून 'इथे व्याज चुकीचे लावले आहे' असे सांगणारा वकील सहज मिळत नाही, आणि तुम्ही त्याच्या बाजूने उभ्या राहिलात तर त्या माणसाचे घर वाचू शकते. मात्र बँकेत असताना ज्या खात्यांशी तुमचा संबंध आला त्यांची माहिती गोपनीय आहे. ती प्रकरणे कोणत्याही बाजूने घेऊ नका, आणि निवृत्तीनंतर व्यवसाय करण्याबाबत बँकेची काही बंधने आहेत का, तेही लेखी विचारून ठेवा.

वयाविषयी थोडक्यात. तीन वर्षांच्या एलएलबीसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिला वयाची कमाल अट नाही आणि खुल्या प्रवर्गासाठी पदवीला ४५ टक्के गुण लागतात. वकिलाला निवृत्तीचे वयही नसते. कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेचे दार वयोमर्यादेमुळे तुम्हाला बंद आहे, पण तुमच्या पत्रात ती इच्छा कुठे दिसली नाही. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईंकडे पक्षकार अधिक विश्वासाने येतो, हा फायदाही आहे. अडचण असेल ती वेगळ्याच ठिकाणी: ज्यांच्या हाताखाली तुम्ही ज्युनिअर म्हणून काम कराल ते वकील तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असू शकतात. शाखेत तुमच्या सहीने कर्ज मंजूर होते. तिथे तुम्ही तारखा लिहून घ्याल आणि नकला आणाल. हे मनापासून जमेल का, याचे उत्तर फक्त तुमच्याकडे आहे.

आता शिक्षण कधी घ्यायचे ते पाहू. नोकरी करतच एलएलबी उरकावे, असे पुष्कळ जण सुचवतील. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते, वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच भरवायचे असतात आणि २०२४ च्या परिपत्रकानंतर नोकरदार विद्यार्थ्याला नोकरीची माहिती जाहीर करून मालकाचे ना-हरकत पत्र द्यावे लागते. शाखेत दहाच्या आधी पोहोचून रात्री निघणाऱ्या अधिकाऱ्याला हे प्रामाणिकपणे पाळणे जवळजवळ अशक्य आहे. 'हजेरीचे बघून घेऊ' असे सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. ज्या व्यवसायाचा पाया प्रतिज्ञापत्रावर आहे त्याची सुरुवात खोट्या हजेरीने करू नये, आणि पुढे चौकशी झाली तर पदवी आणि नोकरी दोन्ही धोक्यात येतात. बऱ्याच सरकारी बँकांत महिला कर्मचाऱ्यांसाठी दीर्घ मुदतीच्या बिनपगारी रजेची सोय आहे. ती शिक्षणासाठी मिळते का, हे जरूर विचारा. पण तो काळ पात्र सेवेत धरला गेला नाही, तर २०२८ ची तारीख तेवढीच पुढे सरकेल.

म्हणून माझा कल या क्रमाकडे आहे. आत्ताच वसुली किंवा विधी विभागात बदलीचा अर्ज करा. तो मंजूर झाला तर टार्गेटचा जाच कमी होईल आणि पुढे लागणारे कामही शिकायला मिळेल. २०२८ मध्ये २० वर्षे पूर्ण झाल्यावर स्वेच्छानिवृत्ती घ्या. त्याच सुमारास मुलीची बारावी झालेली असेल आणि कर्जाचे हप्तेही कमी उरलेले असतील. मग पूर्णवेळ विद्यार्थिनी म्हणून प्रवेश घ्या आणि वर्गानंतरचा वेळ एखाद्या चांगल्या दिवाणी वकिलाच्या कार्यालयात घालवा. सनद हातात येईल तेव्हा तुम्ही ४८-४९ वर्षांच्या असाल. दोन वर्षे थांबणे आज तुम्हाला शिक्षेसारखे वाटेल, हे मी जाणते. पण या दोन वर्षांत करण्यासारखे खूप आहे. भारतीय करार कायदा, मालमत्ता हस्तांतरण कायदा, दिवाणी प्रक्रिया संहिता आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता यांची मूळ कलमे माहेरच्या दाव्याची फाईल शेजारी ठेवून वाचा. फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून बदलले आहेत, तेव्हा घरात जुनी पुस्तके असतील तर ती बाजूला ठेवून भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीचे दोन नवे कायदे वाचा. बँकेची परवानगी मिळाली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक होण्याबद्दल चौकशी करा. गरीब पक्षकाराला न्यायालयाची पायरी चढताना कशाची भीती वाटते, हे तिथे कळते.

सनदेनंतरच्या उत्पन्नाचा अंदाजही आजच बांधून ठेवा. पगारी पूर्णवेळ नोकरी आणि वकिली एकत्र करता येत नाहीत, त्यामुळे बँक सुटल्यावरच प्रॅक्टिस सुरू होईल. नोंदणीचा खर्च मोठा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये खुल्या प्रवर्गासाठी कायद्यातल्या ७५० रुपयांहून अधिक नोंदणी शुल्क घेण्यास मनाई केली आहे. त्याशिवाय अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. खरा प्रश्न त्यापुढच्या वर्षांचा आहे. ज्युनिअर वकिलांना ग्रामीण भागात दरमहा किमान १५,००० आणि शहरात २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली, पण ती शिफारस आहे, बंधन नाही. तालुक्याच्या ठिकाणी ही रक्कम मिळेलच असे धरून घरखर्चाचे गणित मांडू नका. शिक्षणाची तीन वर्षे आणि नंतरची किमान तीन वर्षे पतींचा पगार आणि तुमचे निवृत्तिवेतन यांवर घर चालते का, एवढेच तपासा.

शेवटी पतींचा विरोध. ते वकिलीला नाही म्हणताहेत की मार्चमधल्या राजीनाम्याला, हे त्यांना शांतपणे विचारले आहे का? मुलगी दहावीत, सहा वर्षांचे कर्ज आणि अचानक एक पगार बंद, या चित्राने कोणीही घाबरेल. त्या भीतीला तुमच्या स्वप्नाविरुद्धचे मत समजू नका. त्यांच्यापुढे मन वळवण्याची भाषा घेऊन न जाता कागद घेऊन जा, जसे तुम्ही वकिलांकडे गेला होतात. बँकेकडून आलेला निवृत्तिवेतनाचा लेखी अंदाज, स्वेच्छानिवृत्तीनंतर कर्मचारी दराचे घरकर्ज त्याच व्याजाने चालू राहते की नाही याचे उत्तर, आरोग्य विम्याचे काय होते ते, आणि मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा वर्षवार खर्च, असे सगळे एका वहीत मांडा. त्यांना एकदा तुमच्याबरोबर न्यायालयात दिवसभर बसायला बोलवा. आणि एक अट तुम्ही स्वतःहून घाला: सनदेनंतर अमुक वर्षांनी उत्पन्न अमुक रकमेपर्यंत पोहोचले नाही, तर सर्च रिपोर्ट आणि बँकांच्या कागदपत्रांचे कार्यालयीन काम घेऊन स्थिर उत्पन्न आधी उभे करायचे आणि दावे मोजकेच चालवायचे. तो आकडा आणि ती मुदत दोघांनी मिळून ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. मनुष्यबळ विभागाला पाठवायचे पत्र मात्र त्या बैठकीसाठी थांबवू नका; पात्र सेवेची तारीख हातात आल्याशिवाय बाकीचा कोणताच आकडा मांडता येणार नाही.